ई ब्लॉक आणि जाळीखालचं दोन इंच पाणी

मार्च २००३ च्या शेवटच्या आठवड्यात हाँगकाँगच्या कौलून भागातल्या एका रुग्णालयात एकाच गृहसंकुलातले रुग्ण येऊ लागले. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, आणि पुष्कळांना जुलाब. पत्ता विचारला की अमॉय गार्डन्स, आणि इमारत विचारली की बहुतेक वेळा ई ब्लॉक.

शहरात सार्सची, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या गंभीर आजाराची, साथ सुरूच होती, त्यामुळे रोग कोणता हे कोडं नव्हतं. सार्स हा जवळच्या सहवासातून पसरणारा आजार मानला जात होता. घरातली माणसं, शुश्रूषा करणारे, रुग्णाच्या समोर बसून बोललेले, अशांना तो व्हायचा. इथे मात्र वेगवेगळ्या मजल्यांवरची, एकमेकांची नावंही माहीत नसलेली कुटुंबं एकाच आठवड्यात आजारी पडली होती.

१५ एप्रिलपर्यंत संकुलातल्या रुग्णांची संख्या ३२१ झाली. त्यातले ४१ टक्के एकट्या ई ब्लॉकमधले होते. शेजारच्या बी, सी आणि डी ब्लॉकमध्ये मिळून तेवढेच, आणि बाकीचे इतर इमारतींत विखुरलेले. शेवटी ४२ जण दगावले. साथरोगांच्या अभ्यासात हे प्रकरण आजही शिकवलं जातं. मला ते विशेष वाटतं ते मृतांच्या आकड्यामुळे नाही. संसर्गाचा मार्ग इतक्या बारकाईने, अगदी पाइपाच्या वळणापर्यंत, शोधून काढल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

आडवं नाही, उभं

ई ब्लॉक ३३ मजल्यांचा, प्रत्येक मजल्यावर ८ घरं, म्हणजे एकूण २६४. तपास करणाऱ्यांनी आजारी घरं इमारतीच्या नकाशावर मांडली तेव्हा पहिला धागा हाती लागला.

लिफ्टमधून लागण झाली असती तर मजल्यावरच्या आठही घरांना धोका सारखाच असता, कारण लिफ्टची बटणं सगळेच दाबतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दूषित असतं तर इमारतभर सारखे रुग्ण दिसले असते. पाण्याचे नमुने तपासले गेले, त्यांत काही सापडलं नाही. नकाशावर मात्र आडवे पट्टे नव्हतेच. ७ आणि ८ क्रमांकाच्या घरांमध्ये रुग्ण दाटीने होते, आणि ते एकाच उभ्या रेषेत, मजल्यामागून मजला. इमारतीत उभ्या रेषेत धावणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: पाइप, आणि ते पाइप ज्या डक्टमधून जातात तो डक्ट.

दुसरा धागा तारखांचा. कोणत्या दिवशी किती जणांना लक्षणं सुरू झाली याचा आलेख ई ब्लॉकसाठी काढला तर तो २४ मार्चच्या आसपास एकदम चढतो आणि मग उतरतो. माणसाकडून माणसाकडे जाणारा रोग असा चढत नाही. एकाचे तीन, तिघांचे आठ असा तो वाढतो आणि प्रत्येक पायरीला मध्ये अधिशयन काळाचं, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचं, अंतर पडतं. सार्समध्ये हा काळ साधारण २ ते १० दिवसांचा. एकच उंच सुळका दिसला की समजायचं, सगळ्यांना एकाच उगमापासून, जवळपास एकाच वेळी लागण झाली आहे. एकाच जेवणातून विषबाधा झाली की आलेख असाच येतो. २४ मार्चपासून अधिशयन काळ मागे मोजत गेलं की आपण १४ ते २२ मार्चच्या दरम्यान पोचतो.

त्या दिवसांत ई ब्लॉकमध्ये एक पाहुणा येऊन गेला होता.

पाहुणा

तेहतीस वर्षांचा हा माणूस हाँगकाँगला लागून असलेल्या चीनमधल्या शेन्झेन शहरात राहायचा. त्याला मूत्रपिंडाचा जुना आजार होता आणि उपचारांसाठी तो हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात यायचा. १४ मार्चला त्याला लक्षणं सुरू झाली. १४ आणि १९ मार्चला तो ई ब्लॉकमध्ये भावाकडे आला. त्याला जुलाब होत होते आणि त्याने भावाच्या घरचं शौचालय वापरलं. पुढे भाऊ आणि भावजय दोघंही आजारी पडले, रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांनाही लागण झाली.

तो ज्या रुग्णालयात जायचा तिथे सार्स कुठून आला, तीही एक साखळीच आहे. २१ फेब्रुवारीला दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात दाखल झाला. एवढ्या मुक्कामात हॉटेलातल्या किमान १६ जणांना लागण झाली. त्यांच्यापैकी काहींनी ती व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडापर्यंत नेली. एक जण मात्र शहरातलाच होता. तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या ८-ए वॉर्डमध्ये भरती झाला. न्यूमोनियाचा रुग्ण म्हणून त्याला दिवसातून चार वेळा नेब्युलायझर दिला गेला, सलग सात दिवस. नेब्युलायझर औषधाचे सूक्ष्म तुषार करतो, आणि रुग्णाच्या उच्छ्वासातलं जे काही असेल तेही त्या तुषारांबरोबर खोलीत पसरू शकतं. त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. पण वॉर्डातले डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, रुग्ण आणि भेटायला येणारे असे शंभराहून अधिक लोक आजारी पडले.

तेव्हा ई ब्लॉकचा पाहुणा विषाणू घेऊन आला यात नवल नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने प्रतिकारशक्ती खचलेली असल्यामुळे त्याच्या शरीरात विषाणूची संख्या फार वाढली असावी, हा तपास करणाऱ्यांचा कयासही पटण्यासारखा आहे. सार्सचा विषाणू विष्ठेतूनही बाहेर पडतो. खोलीच्या तापमानाला तो विष्ठेत एक-दोन दिवस तग धरतो, आणि जुलाबाच्या विष्ठेत, जिचा आम्लपणा कमी असतो, चार दिवसांपर्यंत.

पण फ्लश केलं की सगळं खाली जातं. ते वर कसं आलं?

नहाणी ट्रॅप

बाथरूमच्या जमिनीवरची पाणी जायची जाळी उचलून पाहिली तर खाली एक वाटीसारखा भाग दिसतो. त्यात थोडं पाणी साठलेलं असतं, बहुधा केसांचा एखादा गुंताही. हाच नहाणी ट्रॅप. वॉशबेसिनखालचा पाइप वळसा घेऊन जातो, तोही ट्रॅपच, आणि कमोडच्या तळाशी दिसणारं पाणी हाही ट्रॅपच. तिन्हींचं काम एकच: घर आणि मैलापाण्याचा पाइप यांच्यामध्ये पाण्याची भिंत उभी करणं. प्लंबर तिला वॉटर सील म्हणतात. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने वळणदार ट्रॅप असलेल्या शौचकुपाचं पेटंट घेतलं. वास अडवणं हा त्याचा उद्देश. रोगजंतूंची कल्पना तेव्हा कुणाला नव्हती, पण वास अडतो तिथे तुषारही अडतात, त्यामुळे एका कामासाठी केलेली ही सोय दुसऱ्या, जास्त मोठ्या कामाला आली.

सीलची खोली साधारण पन्नास मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण पन्नास मिलिमीटर पाण्याचा दाब सुमारे ५०० पास्कल भरतो, आणि घरातला एक्झॉस्ट फॅन हवा ओढतो तो याच्या कितीतरी कमी जोराने. सील भरलेलं असेल तर फॅन कितीही फिरला तरी पाइपातली हवा वर येत नाही. सील सुकलं तर मात्र अडवायला काहीच उरत नाही.

कमोड आणि बेसिनचे ट्रॅप रोजच्या वापराने आपोआप भरतात. नहाणी ट्रॅप भरायला जमिनीवर पाणी पडावं लागतं. ई ब्लॉकमध्ये आंघोळ टबमध्ये व्हायची आणि बाथरूमची फरशी ओल्या फडक्याने पुसली जायची. फरशीवर पाणी ओतण्याची वेळच यायची नाही. महिनोन्‌महिने पाणी न मिळालेले ट्रॅप सुकून गेले होते. आणि हे ट्रॅप ज्या उभ्या सॉइल पाइपला, म्हणजे मैलापाणी खाली नेणाऱ्या पाइपला, जोडलेले होते त्यालाच त्या रेषेतल्या सगळ्या मजल्यांचे कमोड, बेसिन आणि टबही जोडलेले होते.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. मधल्या एका मजल्यावर आजारी माणूस फ्लश करतो. उभ्या पाइपात पडणारं पाणी सरळ नळासारखं पडत नाही. ते पाइपाच्या भिंतीला धरून घसरतं, मध्ये हवा खेचून नेतं, आपटतं, फुटतं आणि त्याचे सूक्ष्म तुषार होतात. खाली जाणारं पाणी हवेचा दाब कुठे वाढवतं, कुठे कमी करतं, आणि दाब वाढला की ही तुषारभरली हवा मिळेल तिथून बाहेर पडायला बघते. दुसऱ्या एका मजल्यावर कुणीतरी बाथरूमचं दार लावून एक्झॉस्ट फॅन सुरू करतं. बंद खोलीतून फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा आत यायला हवी, दार बंद, मग ती सुकलेल्या जाळीतून येते. माणूस आत, जाळी पायाशी. इथे बसवलेले फॅन त्या चिमुकल्या बाथरूमना लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे होते, हेही तपासात दिसलं. पैसे जास्त घातले की सोय जास्त, या हिशेबाने ते बसवले गेले असणार. इथे तो हिशेब उलटा पडला.

गोष्ट इथेही संपत नाही. फॅन ही हवा बाहेर फेकायचा ती मोकळ्या आकाशात नाही, तर दोन घरांच्या रांगांमधल्या अरुंद डक्टमध्ये. डक्ट जेमतेम दीड मीटर रुंद. बाथरूमची उबदार, दमट हवा त्यात वर चढायची आणि वरच्या मजल्यांच्या उघड्या खिडक्यांतून आत शिरायची. २००४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी हवेच्या प्रवाहाचं संगणकीय गणित मांडून दाखवलं की खालच्या मजल्यांपेक्षा मधल्या आणि वरच्या मजल्यांवर रुग्ण जास्त का, आणि त्या दिवसांतल्या वाऱ्याने ही हवा बी, सी, डी ब्लॉककडे कशी नेली असेल. शिवाय चौथ्या मजल्यावर मैलापाण्याच्या व्हेंट पाइपला, म्हणजे त्यातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपला, तडा गेलेला सापडला, तो याच डक्टमध्ये उघडत होता. २१ मार्चला ई ब्लॉकमधल्या फ्लशच्या पाण्याचा पाइप बिघडला आणि सोळा तास लोकांना बादलीने पाणी ओतावं लागलं. ही शेवटची घटना मी फार मोठी मानत नाही, आलेखाचा सुळका तिच्याआधीच्या दिवसांकडे बोट दाखवतो. पण तपासाच्या अहवालात ती आहे.

उंदीर आणि झुरळंही संशयाच्या फेऱ्यात आली. त्यांच्या अंगावरून विषाणू इकडून तिकडे गेला असेल, असं काहींनी मांडलं. असेलही थोडाफार. पण उंदीर ७ आणि ८ क्रमांकाची घरं निवडून जात नाहीत आणि झुरळांना वाऱ्याची दिशा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मे २००३ मध्ये जागेवर येऊन पाहणी केली आणि निष्कर्ष काढला तो साधारण असा, की अनेक दुर्दैवी गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. मला 'दुर्दैवी' हा शब्द थोडा सोयीचा वाटतो. सुकलेले ट्रॅप त्या आठवड्यात सुकले नव्हते, आणि एवढे मोठे फॅनही कुणी त्या आठवड्यात बसवले नव्हते. सगळी वाट आधीपासून तयार होती. विषाणू फक्त उशिरा पोचला.

कुठे तोडायचं?

३१ मार्चच्या पहाटे सहा वाजता सरकारने ई ब्लॉकला विलगीकरणाचा आदेश लावला. दहा दिवस कुणी आत-बाहेर करायचं नाही. पोलीस, मुखपट्ट्या, घरपोच जेवण. पुष्कळ कुटुंबं त्याआधीच घर सोडून गेली होती, त्यांना शोधत फिरावं लागलं. दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरला आणि उरलेल्या रहिवाशांना शहराबाहेरच्या सुट्टी-शिबिरांमध्ये हलवण्यात आलं.

वरवर पाहता हा सरकारी गोंधळ वाटतो, आणि तेव्हा तशी टीकाही झाली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात बरोबर कृती हीच. माणूस हा उगम असेल तेव्हा त्याला घरात थांबवणं योग्य. पण इमारतच उगम असल्याचा संशय असेल तर लोकांना तिच्यात कोंडणं म्हणजे त्यांना उगमापाशी बांधून ठेवणं. मार्ग नेमका कोणता हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. तपासाचा अहवाल १७ एप्रिलला आला. आकृती दिसत होती, स्पष्टीकरण नव्हतं, आणि तेवढ्या आधारावर माणसं हलवली गेली. साथीत पुराव्याची वाट पाहणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

इमारत रिकामी झाल्यावर पाइप धुतले गेले, जंतुनाशक ओतलं गेलं, तडा बुजवला गेला, ट्रॅप भरले गेले. रहिवासी १० एप्रिलपासून परतले.

आता साधा प्रश्न. नेहमीच्या सूचनांपैकी इथे काय उपयोगी पडलं असतं? हात धुणं? भावाच्या घरात कदाचित. पण दहा मजले वरच्या घरातल्या बाईने दिवसातून दहा वेळा हात धुतले असते तरी जाळीतून येणारी हवा तिने श्वासात घेतलीच असती. मुखपट्टी? स्वतःच्या बाथरूममध्ये कोण लावतं. गर्दी टाळा? ते आपापल्या घरीच होते. या सूचना चुकीच्या नाहीत, त्या दुसऱ्या मार्गांसाठी आहेत. जुलाबाच्या आजारांत हात धुणं खरोखर जीव वाचवतं, कारण तिथला मार्ग हातावरून तोंडात जातो. हिवतापात हात धुऊन काही होत नाही, तिथे डास अडवावा लागतो. धनुर्वाताचा जंतू मातीतून जखमेत येतो, तो दुसऱ्याला लागतच नाही, त्यामुळे विलगीकरणाचा तिथे प्रश्नच नाही. लस आणि जखमेची स्वच्छता हेच उपाय. आधी जंतू कुठून निघतो, कशावर बसून जातो आणि कुठून शिरतो हे कळलं पाहिजे. ते न कळता केलेला प्रतिबंध अंधारात मारलेल्या काठीसारखा, लागला तर लागला.

ई ब्लॉकची साखळी लांब होती: आजारी माणूस, विष्ठा, तुषार, कोरडा ट्रॅप, फॅन, बंद दार, डक्ट. यातला कुठलाही एक दुवा नसता तर एवढे लोक आजारी पडले नसते. सगळ्यात स्वस्त दुवा अर्थातच ट्रॅप. आठवड्यातून एकदा जाळीत मगभर पाणी ओतलं की सील भरतं. हाँगकाँगमध्ये तशा सूचना दिल्या गेल्या आणि अजूनही दिल्या जातात. तरी माझा यावर फारसा भरवसा नाही. माणसाच्या आठवणीवर उभी असलेली तटबंदी सुट्टीवर गेल्यावर ढासळते. बेसिनचं वापरलेलं पाणी त्याच नहाणी ट्रॅपमधून पुढे जाईल अशी जोडणी केली की तोंड धुतानाच सील भरतं, कुणी काही लक्षात ठेवायची गरज नाही. संसर्ग रोखण्याचे चांगले उपाय बहुतेक असेच असतात. नळाच्या पाण्यात आधीच मिसळलेलं क्लोरिन घरातल्या कुणाला आठवणीने प्यावं लागत नाही.

तुमच्या नहाणीच्या जाळीतून वास येत असेल तर तो तक्रारीचा विषय तर आहेच, पण त्याहून अधिक ती सूचना आहे. वास येतो म्हणजे पाइपातली हवा येते. तिथे डांबराची गोळी टाकून वास झाकण्यापेक्षा आधी पाणी ओतून बघावं. पाणी ओतूनही वास थांबला नाही तर ट्रॅप फुटलेला आहे किंवा बसवलेलाच नाही.

नंतर

सार्सची साथ जगभर मिळून ८,००० च्या वर रुग्ण आणि ७७४ मृत्यूंनंतर थांबली. ५ जुलै २००३ ला जागतिक आरोग्य संघटनेने ती आटोक्यात आल्याचं जाहीर केलं. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. रुग्ण शोधणं, त्यांना वेगळं ठेवणं आणि त्यांच्या संपर्कातल्यांवर नजर ठेवणं, एवढ्यावर ती थांबली. हे जमलं कारण सार्सच्या रुग्णाच्या शरीरात विषाणू सर्वाधिक असतो तो लक्षणं सुरू झाल्यावर साधारण दहाव्या दिवशी. तोवर रुग्ण इतका आजारी असतो की तो सापडतोच. सतरा वर्षांनी आलेल्या त्याच्या भाऊबंदाने ही सवलत दिली नाही. कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याआधीच दुसऱ्याला लागण देऊ शकत होता.

पाइप मात्र तेच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये हाँगकाँगच्या एका इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर पण एकाच उभ्या रेषेत दोन रुग्ण सापडले, आणि एका घरातला व्हेंट पाइप नीट बंद नसल्याचं दिसताच मध्यरात्री शंभराहून अधिक लोकांना हलवण्यात आलं. या वेळी कुणी अहवालाची वाट पाहिली नाही.

त्याच सुमारास चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका उंच इमारतीत पंधराव्या, पंचविसाव्या आणि सत्ताविसाव्या मजल्यांवरची तीन कुटुंबं आजारी पडली. तिन्ही घरं एकावर एक, नऊ रुग्ण. संशोधकांनी पंधराव्या मजल्यावरून सांडपाण्याच्या पाइपात खुणेचा वायू सोडला आणि तो पंचविसाव्या आणि सत्ताविसाव्या मजल्यांवरच्या बाथरूममध्ये सापडला. त्यांनी सोळाव्या मजल्यावरचं घरही उघडून तपासलं. ते कित्येक महिन्यांपासून बंद होतं, तिथे कुणी राहत नव्हतं, म्हणजे ट्रॅपमध्ये पाणी घालणारंही कुणी नव्हतं. विषाणूच्या खुणा त्या घराच्या बाथरूममध्ये मिळाल्या, बेसिनवर, नळावर आणि शॉवरच्या मुठीवर.